खोड सांगायची राहिली

मदरबोर्ड नाकाशी नेऊन हुंगणारा माणूस मी एकच पाहिला. कॉम्प्युटरच्या पोटातली ती हिरवी पाटी, जिच्यावर सगळ्या चिपा आणि खाचा बसवलेल्या असतात, ती सर दोन्ही हातांत परातीसारखी धरायचे, डोळे मिटायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वास घेत जायचे. मध्येच थांबून म्हणायचे, "इथं लाळ गळली." बघावं तर तिथे निळ्या वेष्टनातली छोटी बॅटरी असायची आणि तिच्या बुडाशी हिरवट बुरशीसारखं काहीतरी. जुन्या बोर्डांच्या बॅटऱ्या अशाच फुटतात. आतलं पाणी पाझरतं आणि तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकतं. मला हे पुस्तकातून ठाऊक झालं होतं, सरांना नाकातून.

हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. मी तिथे कॉम्प्युटर शिकवायला लागलो तेव्हा ते पन्नाशी कधीच ओलांडलेले होते आणि मी तिशीच्या अलीकडे. माझी नेमणूक कंत्राटी, दरवर्षी जूनमध्ये नव्याने हात जोडायचे. शाळेत एकमेकांना सगळेच 'सर' म्हणतात, त्यामुळे ते मला 'कॉम्प्युटर सर' म्हणायचे आणि बाकीचे त्यांना पाठीमागे 'बोर्ड सर'. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. भांडायला त्यांना कारण लागायचं नाही. मस्टरवर कुणी हिरव्या शाईने सही केली तरी पुरे.

त्यांचा तांडा पुसेगावकडच्या रस्त्याला. पणजोबांच्या काळात बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेलं ते घर. पुढे शेती आली, तरी त्यांच्या वडलांनी जनावरांचा बाजार काही सोडला नाही. सर बैलांचे जबडे उघडताना बघत मोठे झाले, मग बी.एस्सी. झाले, आणि या दोन विद्या त्यांच्या डोक्यात कधी वेगळ्या झाल्याच नाहीत.

बैलाचं वय दातांवरून कळतं, बोर्डाचं खाचांवरून. सगळ्या खाचा लांबलचक काळ्या असल्या की तो 'जुळलेला', म्हणजे पुऱ्या दातांचा, म्हातारा पण खात्रीचा. काळ्यांच्या शेजारी आखूड पांढऱ्या आल्या की 'सहादाती'. एक तपकिरी दिसली की 'दोनदाती'. आणि ज्याच्यावर काळी खाच एकही नाही, तो नवाकोरा बोर्ड? त्याला ते हातही लावायचे नाहीत. "दूध पितं अजून. त्याचं काय बघायचं?"

एकदा मी नव्या बोर्डाची बाजू घेतली. म्हटलं, सर, हा जुन्यापेक्षा शंभरपट पळतो.

"पळतो ना? मग पळू द्या," ते म्हणाले. "पळणाऱ्याला मी काहून अडवू? पण दहा वर्सांनी तो उभा राहील का, ते मला सांगा." आणि त्या बोर्डावरच्या कपॅसिटरांची, वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची, डोकी बोटाने चाचपून म्हणाले, "पोटं फुगून राहिली ह्याची. ज्वारीचे कोंब खाल्लेल्या गाईवानी." दीड-दोन वर्षांत त्या जातीचे बोर्ड खरंच धडाधड बंद पडू लागले. सरांनी तेव्हा आठवडाभर मला भेटेल तिथे गाठून ते ऐकवलं. मोठेपणा मिरवण्यात त्यांना जराही लाज नव्हती.

चुकायचेही. तपकिरी रंगाचा बोर्ड हिरव्यापेक्षा जातिवंत असतो, असा त्यांचा ठाम समज होता आणि त्याला कसलाही आधार नव्हता. शनिवारी ते कुठलाही बोर्ड सुरू करायचे नाहीत. माझ्यासमोर त्यांनी एक उत्तम बोर्ड निव्वळ तिरसटपणापायी 'बसका' ठरवून कोपऱ्यात टाकला. महिन्याने मी गुपचूप जोडून बघितला तर ठणठणीत. त्यांना दाखवला. म्हणाले, "महिनाभर आराम भेटला त्याला. उठंल न्हाई तर काय?"

शाळेत बोर्ड आले ते दानातून. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा कंपनीने भंगारात काढलेले कॉम्प्युटर संस्थेला पाठवले आणि ट्रकवाल्याने ते वारंगा फाट्यावर उतरवून ठेवले. आम्ही जीप घेऊन गेलो. मुख्याध्यापकांचं म्हणणं, सगळे भरा आणि चला. सर तिथेच धाब्याशेजारी सतरंजी अंथरून बसले आणि एकेकाचं पोट उघडू लागले. बघ्यांचा घोळका जमला. एका ड्रायव्हरने विचारलं, "गुरुजी, पोस्टमार्टम करून राहिले का?"

"न्हाई, बाळंतपण. तू गरम पाणी आण," सर वर न बघता म्हणाले.

घरी नेलेले बोर्ड ते लिंबाच्या रसाने आणि जुन्या ब्रशने घासून, पाण्याने धुऊन बाजेवर उन्हात वाळत घालायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याच बाजेच्या अर्ध्या भागावर सांडगे घालायच्या. सीमा आखलेली होती. एकदा एका चिपेच्या पायात सांडगा अडकलेला मी स्वतः काढला आहे.

हिंगोलीत एक भंगारवाला होता. बोर्डांतलं सोनं काढणाऱ्या लोकांना तो ते किलोने विकायचा. सर त्याच्याकडून चांगले बोर्ड सोडवून आणायचे, पण सौदा करायचा तो बाजाराच्या रीतीने. खांद्यावरचा रुमाल त्याच्या हातावर टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्याला कळू नये. आजूबाजूला मी सोडून कुणी नसायचं.

"मास्टरसाब, मुंसे बोलो ना!" भंगारवाला कळवळायचा. "हात कायकू दबारे? गुदगुली होरी मेरेकू."

"बोट धरलं ना? मग बोल, मंजूर का?"

"पैले हात छोडो, फिर मंजूर."

पण हा सगळा गमतीचा भाग. सरांच्या बाजारात एक नियम मात्र गमतीचा नव्हता. जनावर विकताना त्याची खोड आधी सांगायची. मारकं असेल, रातांधळं असेल, जुवाखाली मान टाकत असेल, जे असेल ते दावं हातात देण्याआधी. त्यांच्या वडलांनी एकदा एक बैल विकला. तो ओढ्यात गेला की पाण्यात बसायचा, एवढीच त्याची खोड. त्या दिवशी बाजारात गर्दी होती, सांगायचं राहून गेलं. घरी आल्यावर आठवलं, तर त्यांनी हातातली भाकर ताटात ठेवली. घेणाऱ्याचं गाव ठाऊक नव्हतं. पुढचे कितीतरी बाजार ते त्याला शोधत हिंडले. सापडला तेव्हा तो बैल परत आणला आणि घरचा चांगला बैल त्याच्या दावणीला बांधून आले. हे सांगताना सरांचा आवाज कधी चढायचा नाही. "खोड सांगून दिलेलं जनावर परत येत न्हाई," एवढंच शेवटी म्हणायचे.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून पुढे.

मुख्याध्यापकांचे जावई पुण्यात नोकरीला होते. दिवाळीत ते गोरेगावला आले, प्रयोगशाळेतली सरांची बोर्डांची मांडणी बघून चाट पडले. म्हणाले, आमच्या ऑफिसात एक साहेब आहेत, त्यांना असल्या जुन्या कॉम्प्युटरांचं वेड आहे. जुने बोर्ड जमवतात, पंधरा वर्षांपूर्वीचे खेळ त्यावर जसेच्या तसे खेळतात. मग त्या साहेबांचा निरोप आला. एका विशिष्ट काळातला बोर्ड त्यांना हवा होता, चारशे शहाऐंशी नावाच्या जुन्या प्रोसेसरच्या शेवटच्या पिढीतला, काळ्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही खाचा असलेला. तसा एक आमच्याकडे होता. त्याच्या बदल्यात ते शाळेला दोन चालू कॉम्प्युटर द्यायला तयार होते.

सर टेलिफोनवर सौदा करत नसत. "ज्याचं तोंड दिसत न्हाई त्याच्याशी काय बोलायचं?" म्हणून साहेबांशी बोलायचो मी. स्टँडजवळच्या एसटीडी बूथमध्ये मी आत आणि सर काचेबाहेर. "तुमी आपले दलाल," ते म्हणायचे. "दलालाचं इमान जिभेवर ऱ्हातं."

साहेब बोलायला मोकळे होते. दोन-तीन वेळा बोलणं झाल्यावर त्यांनी माझी चौकशी केली. मी कंत्राटाचं सांगितलं. ते म्हणाले, ओळखीच्या संस्थेत माणूस हवाय, बोर्ड चांगला निघाला तर तुम्हीच घेऊन या, भेटू, बघू. माझं लग्न झालेलं होतं, मुलगी पाळण्यात होती. त्यांच्या त्या 'बघू'वर मी किती रात्री काढल्या ते आता सांगत नाही.

शेवटच्या फोनच्या दिवशी बूथच्या दारातच सर थांबले. आदल्या रविवारी शाळेत एकटेच बसून त्यांनी तो बोर्ड चालवून बघितला होता. म्हणाले, "चिपा पोकळ हाईत त्याच्या. तेवढं पहिलं सांगा. आधी खोड, मग गुण."

मला समजलं नाही. मग त्यांनी समजावलं. प्रोसेसरला लागणारा माल हाताशी असावा म्हणून त्या बोर्डांवर शेजारी काही वेगवान चिपा बसवलेल्या असतात, कॅश म्हणतात त्यांना. त्या काळात कुठल्याशा लबाड कारखानदारांनी तिथे नुसते रिकामे प्लास्टिकचे तुकडे डकवले, वर ठसा मारला आणि सुरू होताना पडद्यावर 'कॅश आहे' असं उमटायची सोयही करून ठेवली. "पालथा करून बघितला," सर म्हणाले. "पाय हाईत, पायवाटा न्हाईत. चालू ठेवून अर्ध्या तासानं हात लावला, तर थंडगार. म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून तरणा दाखवत्यात ना, तसं हाय हे. बाकी बोर्ड गुणी हाय. चालंल त्यांना. पण सांगा."

मी काचेचं दार लावून घेतलं. साहेबांनी सगळं विचारलं. बॅटरी गळली का? नाही. खाचा स्वच्छ? एकदम. आणि कॅश आहे ना, ती मला महत्त्वाची आहे.

"हो," मी म्हणालो. "स्क्रीनवर दोनशे छप्पन दाखवतंय."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. स्क्रीनवर दोनशे छप्पनच दाखवत होतं.

काचेपलीकडे सर उभे होते. मला बघून त्यांनी मान हलवली, चालू द्या म्हणून. बाहेर आल्यावर त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, सांगितली का. दलालाला परत विचारणं म्हणजे त्याच्या इमानावर संशय घेणं, असं ते मानायचे. उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "पुण्याला चाललात, तर स्वेटर न्या."

मी बोर्ड घेऊन गेलो. नोकरी मिळाली. शाळेला दोन कॉम्प्युटर पोचले. मी बायको-मुलीला पुण्यात आणलं.

चार-सहा महिन्यांनी साहेबांनी बोलावून घेतलं. बोर्ड टेबलावर होता आणि एक चिप पात्याने सोलून काढलेली, आत काही नाही. साहेब चिडले नव्हते, नुसते खट्टू झाले होते. "तुम्हाला ठाऊक होतं का हे?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मी जे बोललो ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "मला नव्हतं, साहेब. सर सांगायला विसरले असतील. वय झालंय त्यांचं. हल्ली विसरतात."

साहेब भले गृहस्थ. तेच वाईट झालं. दुसरा कुणी असता तर त्याने शिव्या दिल्या असत्या आणि सरांनी त्या चौपट करून परत केल्या असत्या. साहेबांनी शाळेत फोन करून सरांना मुद्दाम बोलावून घेतलं आणि धीर दिला. मनाला लावून घेऊ नका म्हणाले. तुमच्या सहकाऱ्याला सांगायला तुम्ही विसरलात, या वयात असं होतं, माझ्या वडलांचंही होतं. शिपाई शेजारी उभा होता. त्याने मला पुढे सांगितलं की सरांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, मग परत उचलला, कानाला लावला आणि मग ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते दोन्ही कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळले आणि वारंगा फाट्यावरून पुण्याच्या ट्रकवर चढवून दिले. मुख्याध्यापकांना विचारलंही नाही. पोरं रिकाम्या टेबलांसमोर बसली. संस्थेने सरांना नोटीस दिली, निवृत्ती तोंडावर आलेली असताना. स्टाफरूममध्ये ज्यांना ज्यांना त्यांनी कधी टोचलं होतं त्या सगळ्यांनी हात धुऊन घेतले.

मी त्या सुमारास उरलेलं सामान न्यायला गोरेगावला गेलो होतो. स्टँडवर सरांनी मला गाठलं. हातात छत्री होती, उघडलेली, आणि आभाळात ढग नव्हता.

"कॉम्प्युटर सर, एक विचारू? खरं सांगा, भिडेला पडू नका," ते म्हणाले. "चिपा पोकळ हाईत, हे मी तुमाला बोललो होतो का न्हाई? मला वाटतं बोललो. बूथपाशी. पण साहेब म्हणत्यात राहून गेलं. मला काही बराबर येईना ध्यानात."

जीप सुटायला आली होती. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी म्हणालो, "मला तरी नाही आठवत, सर."

"न्हाई ना?" ते म्हणाले. "तेच म्हणलं मी."

त्यांच्या चेहऱ्याबद्दल मला काही लिहिता येणार नाही. मी बघितलाच नाही.

त्यानंतर त्यांनी बोर्ड बघणं सोडलं. शिपाई सांगायचा की भंगारवाला एकदा स्वतः पोतं घेऊन शाळेत आला, "मास्टरसाब, ये देखो तो सई, पुराना माल है," म्हणत. सरांनी एक उचलला, नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि परत दिला. "मला सांगता यायचं न्हाई आता. माझं ध्यान राहत न्हाई." ज्या गोष्टी पूर्वी नुसता विसरभोळेपणा होत्या, चष्मा कपाळावर ठेवून शोधणं, तास संपल्यावरही शिकवत बसणं, त्यांची आता ते पुराव्यासारखी मोजदाद करू लागले. काकूंना विचारायचे, मी जेवलो ना? काकू सुरुवातीला हसायच्या.

खोटं बोललेलं माणूस निभावून नेतो. मीही नेलं असतं. साहेबांना फसवलं याचं मला फारसं कधी लागलंच नाही. त्यांच्यासाठी तो एक बोर्ड होता, त्यांनी दुसरा मिळवला. पण एका माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा मी काढून घेतला होता, आणि तो परत करायचा तर एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य घेऊन मी काही वर्षं पुण्यात हिंडलो. शेवटी एका उन्हाळ्यात उठलो आणि तांड्यावर गेलो.

सर निवृत्त झाले होते. ओसरीवर बसले होते, वाळले होते पुष्कळ. मला मात्र लगेच ओळखलं. काकूंनी जेवायला वाढलं. जेवण होईपर्यंत थांबावं असं मनात होतं, पण जेवण झाल्यावर माझी हिंमत उरणार नाही हे मला ठाऊक होतं. पहिल्या घासाआधीच बोललो. सगळं सांगितलं. बूथ, दोनशे छप्पन, नोकरी, साहेबांसमोरचं ते वाक्य, जीपपाशी दिलेलं उत्तर.

"तुम्ही सांगितलं होतं, सर. तुम्ही विसरला नव्हता. मी लपवलं."

ते ऐकत होते. मग म्हणाले, "मी काय म्हणलो होतो, सांगा बरं? माझ्याच शब्दांत."

"चिपा पोकळ हाईत. तेवढं पहिलं सांगा. आधी खोड, मग गुण."

त्यांनी डोळे बारीक केले. क्षणभर जुने सर दिसले, बोर्ड उन्हाकडे तिरका धरून बघणारे. मला वाटलं, आता शिवी येईल. मी तिची वाट बघत होतो.

"आधी खोड, मग गुण, हे तर मी बारा महिने म्हणायचो," ते म्हणाले. "शाळेतल्या चिमणीलाही पाठ होतं ते."

"सर, तसं नाही. बूथच्या दारात..."

"असू द्या हो." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "शिपायानं सांगितलं असंल तुमाला, सर खचले म्हणून. आता ही तकलीफ काहून घेता? माझं राहून गेलं, ते मी कधीच कबूल केलं. आता तुमी स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालात. नोकरीवाला माणूस, एवढा उन्हाचा आला."

"मी खरं बोलतोय, सर."

"व्हय, व्हय." आणि ते आत तोंड करून मोठ्याने म्हणाले, "अगं, ऐकलं का? हे सर पुण्याहून माझ्यासाठी खोटं बोलायला आलेत!"

काकू भाकरी घेऊन बाहेर आल्या. पदराने डोळे टिपले. "अशी माणसं आता कुठं राहिलीत?" म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक गरम भाकर वाढली, वर लोण्याचा गोळा.

सर माझ्याकडे बघत होते. फार प्रेमाने बघत होते.

मी ती भाकर खाल्ली.